प्याझोला, आस्तोर

प्याझोला, आस्तोर : (११ मार्च १९२१ – ४ जुलै १९९२). अर्जेंटिनाचे संगीतकार व बॅन्डोनिऑनवादक. टँगो या अर्जेंटिनाच्या नृत्यसंगीताला त्यांनी नाचघरातून मैफलीत आणून बसवले. त्यांच्या या शैलीला ‘नवा टँगो’ म्हणतात.

जन्म मार देल प्लाता येथे, इटालियन वंशाच्या कुटुंबात. बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले. तिथेच, ते आठ वर्षांचे असताना, वडिलांनी त्यांना एक जुने बॅन्डोनिऑन आणून दिले. हे वाद्य मूळचे जर्मनीचे. आपल्या पेटीसारखेच तेही भात्याच्या हवेवर वाजते. मात्र त्याचा भाता दोन हातांच्या मध्ये असतो, आणि एकच बटण भाता ताणताना एक स्वर देते, दाबताना दुसरा. एरवी वादक ते बसून वाजवतात. प्याझोला मात्र उभे राहत आणि एक पाय उंचावर टेकवून वाद्य त्या मांडीवर घेत.

१९३९ मध्ये ते ब्वेनोस आयरेसला आनीबाल त्रॉइलो यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. रात्री टँगो वाजवायचा आणि दिवसा आल्बेर्तो हिनास्तेरा यांच्याकडे पाश्चात्त्य अभिजात संगीतरचना शिकायची, असा क्रम १९४१ पासून सुरू झाला. अभिजात संगीतकार म्हणून नाव व्हावे या ओढीने टँगोची त्यांना लाज वाटू लागली होती. १९५४ मध्ये पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकायला गेले तेव्हाही आपण टँगो वाजवतो हे त्यांनी सांगितले नाही. त्यांच्या स्वरलिपी चाळून बाईंना त्यांत स्त्राविन्स्की, बार्तोक हे इतर संगीतकार सापडले, प्याझोला कुठे दिसेनात. शेवटी आग्रहावरून त्यांनी ‘त्रिउन्फाल’ हा स्वतःचा टँगो पियानोवर वाजवला. खरे प्याझोला हेच, हे कधी सोडू नका, असे बाईंनी बजावले. ही आठवण प्याझोलांनी स्वतःच सांगून ठेवली आहे.

मायदेशी परतल्यावर १९५५ मध्ये त्यांनी आठ वादकांचा संच उभारला आणि त्यात इलेक्ट्रिक गिटारही घेतली. जुने रसिक खवळले. हा टँगोच नव्हे, असे म्हणू लागले. हा आक्षेप टिकणारा नाही. आठ मात्रांची ३-३-२ अशी विभागणी हा त्यांच्या संगीताचा कणा, आणि ती मिलोंगा या अर्जेंटिनाच्या जुन्या नृत्यसंगीतातूनच आलेली. त्यावर त्यांनी फ्यूगची (एकच धून वेगवेगळ्या वाद्यांनी पाठोपाठ घेण्याची) बांधणी आणि जॅझचे स्वरमेळ चढवले. ‘आन्हेलचा मृत्यू’ या त्यांच्या रचनेत एकच धून एकामागून एक वाद्ये उचलत जातात. पद्धत जर्मन संगीतकार बाख यांची, ठसका ब्वेनोस आयरेसच्या गल्लीतला.

वडिलांच्या निधनानंतर १९५९ मध्ये रचलेली ‘आदिओस नोनिनो’ ही त्यांची सर्वांत हृद्य रचना. ‘लिबेर्तांगो’ १९७४ ची.

ब्वेनोस आयरेसच्या चार ऋतूंवरही त्यांनी चार स्वतंत्र टँगो रचले. पुढे लिओनीद देस्यात्निकोव्ह यांनी व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांच्यासाठी त्यांची मांडणी करताना इटालियन संगीतकार विवाल्दी यांच्या चार ऋतूंवरील रचनांतले तुकडे त्यांत गुंफले. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, म्हणून प्याझोलांच्या उन्हाळ्यात विवाल्दींचा हिवाळा ऐकू येतो.