अनिल व कुसुमावती देशपांडे

नागपूरच्या वाङ्मयीन जीवनातले कवी-कथाकार दाम्पत्य. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे (११ सप्टेंबर १९०१–८ मे १९८२). जन्म मूर्तिजापूरचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. कुसुमावती (१० नोव्हेंबर १९०४–१७ नोव्हेंबर १९६१) माहेरच्या जयवंत, अमरावतीच्या. १९२९ मध्ये लंडनहून इंग्रजीची पदवी घेऊन त्या परतल्या आणि त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात त्या मॉरिस कॉलेजात दीर्घकाळ इंग्रजी शिकवीत होत्या. अनिल पेशाने वकील. काही काळ न्यायखात्यात होते, नंतर समाजशिक्षणाच्या कामात गेले.

दोघांच्या पहिल्या पुस्तकांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. अनिलांची ‘फुलवात’ १९३२ ची, कुसुमावतींची ‘दीपकळी’ १९३४ ची. तळहातावर कापूस घ्यायचा, खाली गोल बूड ठेवायचे, दुधाचे बोट लावून वरचे टोक पिळायचे, ती फुलवात; आणि ती पेटल्यावर वर उभी राहते ती दीपकळी. हा जुळारा ठरवून केलेला होता की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी कुसुमावती त्या ज्योतीपाशीच रेंगाळल्या. पुढच्या संग्रहांची नावे ‘दीपदान’ आणि ‘दीपमाळ’. मधला ‘मोळी’ तेवढा निराळा: शीर्षकातच दिवाणखान्यातल्या उजेडातून उठून सरपणाच्या वाटेला लागलेला. कष्टकरी, गरीब माणसे त्यांच्या कथेत येतात, पण कणव दाखवायला म्हणून नव्हे. घटनांची रेलचेल नाही, शेवटी धक्का नाही; एखादा क्षण, एखादी मनःस्थिती, एवढ्यावर त्यांची कथा उभी राहते. मराठी कथा कथानकाच्या कलाटण्यांवर खूश होती त्या काळात हे धाडसच होते. पुढे ‘नवकथा’ म्हणून जिचा गाजावाजा झाला तिची चाहूल इथे लागते, तरी कथेच्या इतिहासात त्यांना जागा ओळभरच मिळते.

अनिलांनी ‘फुलवात’मधली हळवी भावगीते लिहून तिथेच थांबणे पसंत केले नाही. मराठीत मुक्तछंद रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांना जाते. ‘भग्नमूर्ति’ (१९४०) हे संस्कृतीच्या पडझडीवरचे दीर्घ चिंतनकाव्य, तर ‘निर्वासित चिनी मुलास’ (१९४३) या कवितेत नागपुरातला कवी जपानी आक्रमणाने घर गमावलेल्या पोराशी बोलतो. ‘पेर्ते व्हा’ (१९४७) हे नाव मात्र अस्सल वऱ्हाडी मातीतले. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडू लागला की शेतकऱ्याला तो ‘पेर्ते व्हा’ म्हणतोय असेच ऐकू येते. उतारवयात त्यांनी दहा ओळींचा ‘दशपदी’ हा स्वतःचा रचनाबंध घडवला. त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुक्तछंदाच्या पुरस्कर्त्याने शेवटी दहा ओळींचे कुंपण स्वतःहून घालून घ्यावे, ही गंमतच. सर्वसामान्य श्रोत्यांना ते ‘अजुनी रुसून आहे’चे कवी म्हणून ठाऊक आहेत, ती कुमार गंधर्वांनी गायली.

समीक्षक म्हणून कुसुमावतींचा अधिकार मोठा होता. ‘पासंग’ हा लेखसंग्रह आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला आढावा आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. मराठी साहित्याचा त्यांनी इंग्रजीत लिहायला घेतलेला इतिहास मं. वि. राजाध्यक्षांनी पुरा केला. शेवटची काही वर्षे त्या दिल्लीत आकाशवाणीवर होत्या.

अनिल १९५८ मध्ये मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तीन वर्षांनी ग्वाल्हेरला कुसुमावती. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्या गेल्या. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे अनिलांनी १९७२ मध्ये छापली. पुस्तकाच्या नावात, ‘कुसुमानिल’मध्ये, आधी कुसुम आहे.