फ्रँचायझी खेळाडू

फ्रँचायझी खेळाडू : ज्याच्याभोवती अख्खा संघ बांधता येईल असा खेळाडू. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, विशेषतः ३० संघांच्या एनबीएमध्ये, ही संज्ञा रोजच्या बोलण्यातली आहे. फ्रँचायझी म्हणजे स्पर्धेत संघ उतरवण्याचा हक्क आणि त्या हक्कावर उभा असलेला सगळा संसार : मालक, मैदान, तिकिटे, शहर. मराठी वाचकाला हा शब्द आयपीएलमुळे ओळखीचा झाला. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा सचिन तेंडुलकर मुंबईचा ‘आयकॉन’ खेळाडू होता. पण त्याच्याबाबतीत ओळखायचे काही उरलेच नव्हते. एनबीएमधला जुगार वेगळा आहे. तिथे डाव लागतो तो अठरा-एकोणीस वर्षांच्या, मोठ्या स्तरावर अजून काहीच न जिंकलेल्या मुलावर.

एकाच खेळाडूवर एवढी भिस्त का, याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. मैदानात एका बाजूचे पाचच जण असतात. ४८ मिनिटांच्या सामन्यात संघाचा मुख्य खेळाडू ३५ ते ४० मिनिटे खेळतो, आणि चढाईतही तोच, बचावातही तोच. क्रिकेटमध्ये कितीही थोर फलंदाज पहिल्याच चेंडूवर तंबूत परतू शकतो. बास्केटबॉलमध्ये एखादा फेक चुकला तर अर्ध्या मिनिटात चेंडू पुन्हा त्याच्याच हातात येतो. त्यामुळे एक असामान्य माणूस सामन्याचे पारडे जेवढे झुकवतो, तेवढे दुसऱ्या सांघिक खेळात क्वचितच दिसते.

असा खेळाडू मिळवण्याचा राजमार्ग म्हणजे ‘ड्राफ्ट’, म्हणजे नवोदितांची वार्षिक निवड. ती १९४७ पासून होते. लिलाव नसतो, संघ ओळीने एकेक नाव पुकारतात, आणि साधारणपणे दुबळ्या संघांना आधी संधी मिळते. पूर्वी पहिला क्रमांक दोन तळाच्या संघांत नाणे उडवून ठरे. १९६९ मध्ये फिनिक्सने छापा मागितला, काटा पडला आणि मिलवॉकीला ल्यू अल्सिंडर मिळाला. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेल्या या खेळाडूच्या जोरावर मिलवॉकीने १९७१ मध्ये विजेतेपद पटकावले. १९८५ पासून लॉटरी आली. आज यंत्रात १४ चेंडू फिरतात आणि त्यांतले चार बाहेर येतात. चार आकड्यांचे असे १,००१ गट होतात. त्यांतला एक बाद धरून उरलेले १,००० संघांत वाटलेले असतात. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी असते. पूर्वी सगळ्यात तळाच्या एकट्या संघाला २५ टक्के होती. मुद्दाम हरण्याचा मोह कमी व्हावा, हा या बदलामागचा हेतू. तसे कारणही घडले होते : फिलाडेल्फियाने भविष्यातल्या ताऱ्यासाठी वर्षानुवर्षे पराभव पत्करले आणि २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी अवघे १० सामने जिंकले.

निवड करणाऱ्यांना दिसते काय, तर उंची, पसरलेल्या हातांची लांबी, पंजा, पायांची चपळाई आणि वय. वयाला फार किंमत आहे. बावीस वर्षांच्या मुलाचे वीस गुण आणि अठरा वर्षांच्या मुलाचे वीस गुण सारखे धरले जात नाहीत. न दिसणारे बरेच राहते. १९८४ मध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोला गेला. हा किस्सा मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो, ते तितकेसे न्याय्य नाही. जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर पोर्टलंडकडे आधीच होता, त्यांना उंच खेळाडू हवा होता. चूक झाली ती उणीव भरायला माणूस शोधण्यात. फ्रँचायझी खेळाडू उणीव भरायला घेत नाहीत. तो घेतला की बाकीचा संघ त्याच्या मापाने बेततात.

अंगच्या गुणांइतकेच घर कोणते मिळाले यावरही सगळे अवलंबून असते, आणि याचा सर्वांत बोलका दाखला यानिस अँटेटोकुंपो याचा आहे. नायजेरियातून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा १९९४ मध्ये अथेन्समध्ये जन्मला. भावांबरोबर रस्त्यावर घड्याळे आणि गॉगल विकत तो मोठा झाला. ग्रीक नागरिकत्व मिळाले तेही अठराव्या वर्षी, ड्राफ्टच्या काही आठवडे आधी. तो खेळत होता ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत. तिथल्या प्रतिस्पर्ध्यांकडे पाहून त्याच्या गुणांचे मोल ठरवणे कठीणच होते. २०१३ मध्ये मिलवॉकीने त्याला १५ व्या क्रमांकावर घेतले. त्या वर्षीचा पहिला क्रमांक अँथनी बेनेट हा होता. चार हंगामांत त्याची एनबीए कारकीर्द आटोपली.

मिलवॉकीतल्या पहिल्या हिवाळ्यात एके दिवशी यानिसने खिशातले सगळे पैसे घरी पाठवून दिले. मग लक्षात आले की मैदानावर जायला टॅक्सीचे भाडेही उरलेले नाही. कडाक्याच्या थंडीत तो धावत निघाला. रस्त्यात एका जोडप्याने ओळखून गाडीत घेतले. त्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ६.८ गुणांची होती आणि संघाने १५ सामने जिंकले, ६७ हरले. पुढच्या हंगामांत सरासरी १२.७, १६.९, २२.९, २६.९ अशी चढत गेली. या आकड्यांमागे मिलवॉकीचा संयम आहे. बारीक अंगाच्या त्या पोराला त्यांनी बाकावर कुजवले नाही, की दुसऱ्या वर्षी विकलेही नाही. एवढ्या उंच खेळाडूला सहसा बास्केटखाली उभे करतात. प्रशिक्षक जेसन किड यांनी त्याच्याकडे चेंडू घेऊन पुढे जाण्याचे, म्हणजे बुटक्या खेळाडूंचे काम सोपवले.

तो २०१९ आणि २०२० असा सलग दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी एक उणीव सगळ्या जगाला दिसत होती : फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केल्यावर मिळणारा, कुणी न अडवता मारायचा फेक. फेकण्याआधी तो इतका वेळ घेई की परक्या मैदानावरचे प्रेक्षक एकसुरात सेकंद मोजू लागत. २० जुलै २०२१ रोजी फिनिक्सविरुद्ध अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याने ५० गुण केले. त्यात १९ पैकी १७ फ्री थ्रो होते. मिलवॉकीला ५० वर्षांनी विजेतेपद मिळाले, तेही ज्या फिनिक्सने नाण्याचा कौल गमावला होता त्यालाच हरवून.

शरीर दगा देते तेव्हा कुणाचेच काही चालत नाही. २००७ मध्ये पोर्टलंडने केव्हिन ड्युरंटला बाजूला ठेवून ग्रेग ओडनला पहिला क्रमांक दिला. गुडघ्यांच्या दुखण्यांमुळे ओडन उभ्या कारकिर्दीत १०५ सामने खेळला. डेरिक रोझ २०११ मध्ये बावीस वर्षांचा असताना सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतका तरुण मानकरी आधी कुणी नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. सॅन अँटोनियोने २०२३ मध्ये निवडलेला फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बन्यामा सुमारे सात फूट चार इंच उंचीचा आहे आणि पहिल्याच हंगामात त्याने सामन्यामागे २१.४ गुण आणि ३.६ ब्लॉक, म्हणजे हवेतच अडवलेले प्रतिस्पर्ध्यांचे फेक, नोंदवले. संघाने मात्र त्याच्या येण्याआधीच्या हंगामात २२ सामने जिंकले होते आणि आल्यानंतरही नेमके २२. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या खांद्यात रक्ताची गुठळी आढळली आणि उरलेला हंगाम हुकला.

पैशाचे गणितही यात गुंतलेले आहे. पहिल्या फेरीतल्या नवोदिताचे वेतन ठरीव कोष्टकाप्रमाणे असते आणि करार चार वर्षांपर्यंत चालतो. संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असल्याने ताऱ्याचे काम करणारा मुलगा या काळात स्वस्तात पडतो आणि उरलेल्या पैशात त्याला साथीदार आणता येतात. ही मुदत वाया गेली तर खेळाडू दुसरे दार बघू लागतो. लेब्रॉन जेम्स सात हंगाम क्लीव्हलँडमध्ये खेळून २०१० मध्ये विजेतेपदाविना मायामीला गेला. क्लीव्हलँडला ते मिळाले २०१६ मध्ये, तो परत आल्यावर.

संघाने आपणहून असा खेळाडू सोडणे दुर्मीळ. डॅलसला तर त्याची किंमत ठाऊक असायला हवी होती. १९९८ मध्ये मिलवॉकीने नवव्या क्रमांकावर घेऊन लगेच त्यांच्याकडे धाडलेला डर्क नोवित्स्की तिथे २१ हंगाम खेळला आणि त्याने २०११ चे विजेतेपद मिळवून दिले. त्याची जागा लुका डॉन्चिचने घेतली आणि २०२४ मध्ये संघाला अंतिम फेरीत नेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, तो अजून पंचविशीतच असताना, डॅलसने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले. चाहत्यांनी मैदानाबाहेर, नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी, शवपेटी आणून ठेवली. मे महिन्यात लॉटरी निघाली. डॅलसची पहिल्या क्रमांकाची शक्यता १.८ टक्के होती. तोच क्रमांक त्यांना लागला आणि जूनमध्ये त्यांनी कूपर फ्लॅगला निवडले. वय वर्षे १८.