जुनी नाणी साफ करण्यापूर्वी

मूल्यांकनासाठी आमच्याकडे येणारी काही नाणी नुकतीच घासून चकचकीत केलेली असतात. आणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र त्या चकाकीपायी नाण्याचे संग्रहमूल्य घटलेले असते आणि झालेली हानी भरून काढण्याचा उपाय आमच्याकडेही नसतो. म्हणून नाणी आणण्यापूर्वी ही माहिती वाचावी, अशी विनंती आहे.

जुन्या नाण्यावरचा काळपट किंवा तपकिरी थर म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइड तयार होते, तर तांब्यावर प्राणवायूमुळे ऑक्साइडचा थर चढतो. हा थर नाण्याच्याच धातूपासून बनलेला असल्याने तो काढला की नाण्याचा मूळ पृष्ठभागही त्याच्याबरोबर जातो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक रोमन नाण्यांवर चांदीचा केवळ पातळ मुलामा आहे. ती जोरात घासल्यास खालचे तांबे उघडे पडते.

न वापरलेल्या नाण्याची झळाळी तर याहून नाजूक असते. टाकसाळीत ठसा दाबला जाताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. नाणे दिव्याखाली तिरपे धरून हलवले असता प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतात, ते या रेषांमुळेच. कठीणतेच्या 1 ते 10 अशा मोह्स मापनात चांदी आणि तांबे यांची कठीणता 2.5 ते 3 इतकीच आहे, त्यामुळे टूथपेस्ट, राख किंवा धातू चमकवण्याची पावडर लावून घासल्यास या रेषा झिजतात आणि त्यांच्या जागी बारीक ओरखडे उमटतात, जे साध्या डोळ्यांना कदाचित दिसणार नाहीत, पण भिंगाखाली लपत नाहीत.

न घासता द्रावणात बुडवणे सुरक्षित, हाही गैरसमजच आहे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर तांब्यावरचा ऑक्साइड विरघळवून खालचा अनैसर्गिक गुलाबी रंग उघडा पाडतो. चांदीसाठी मिळणारी थायोयुरिया या रसायनाची आम्लयुक्त द्रावणे दर वेळी पृष्ठभागाचा थोडा अंश नेतात. वारंवार बुडवलेले नाणे पांढरे दिसते खरे, पण निस्तेज. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या प्रतवारी संस्था चुकीच्या पद्धतीने साफ केलेल्या नाण्याला 1 ते 70 मधील अंक सहसा देत नाहीत, तर तसा शेरा मारतात.

दोन अपवाद मात्र आहेत. पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमुळे नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनने न घासता काढता येतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोनखेरीज इतर घटक असतात, ते वापरू नये. तांबे किंवा कांस्य यांच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो क्लोराइडमुळे होणारा, आत पसरत जाणारा क्षय असतो. असे नाणे इतरांपासून वेगळे व कोरडे ठेवून संवर्धनतज्ज्ञाला दाखवावे.

इतर सर्व नाणी मातीसकट, आहेत तशीच आणावीत. ती कडेला धरून उचलावीत, कारण तांब्यावर बोटांचे ठसे कायमचे राहू शकतात, आणि रबरबँडने बांधू नयेत, कारण रबरातील गंधकामुळे चांदी काळवंडते.