चुन्याची निवळी आणि नाशिकचा पावसाळा

जिवंत प्रवाळांनी भरलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्षारता दोन दिवसांत आठ डीकेएचवरून (डीकेएच हे क्षारता मोजायचं एकक) सहावर येऊ शकते. पाणी तरीही नितळच दिसतं, मासे नेहमीसारखे फिरत राहतात. प्रवाळांची वाढ मात्र मंदावते, आणि हे डोळ्यांना जाणवेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांपासून बांधतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे साठा मोठा. बायकार्बोनेटचा साठा, जो आपण क्षारता म्हणून मोजतो, तो जेमतेम सात डीकेएचचा. सांगाडा बांधताना २.८ डीकेएच क्षारता खर्च होते तेव्हा लिटरमागे फक्त २० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. त्यामुळे क्षारता धोक्याच्या पातळीला आली तरी कॅल्शियमच्या टेस्ट किटमध्ये फारसा फरक दिसत नाही. रोज एकच चाचणी करायला वेळ असेल तर ती क्षारतेचीच करावी.

हा रोजचा खर्च भरून काढायचा एक जुना आणि माझ्या मते सर्वांत सुंदर मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. शाळेत नळीने फुंकर मारून पांढरी केलेली तीच. फुंकरीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आधी कॅल्शियम कार्बोनेटचा गढूळपणा येतो. पण फुंकत राहिलं तर पाणी पुन्हा निवळतं, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. टाकीला हवं असतं ते हेच. निवळीतला हायड्रॉक्साइड पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून बायकार्बोनेट देतो आणि सोबत कॅल्शियमही येतं, तेही प्रवाळ ज्या प्रमाणात वापरतो नेमक्या त्याच प्रमाणात. मागे काही उरत नाही. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा वेगवेगळे घातले की साधं मीठ हळूहळू साठत जातं; इथे तो प्रश्नच नाही. पेटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रीफ टँकसाठी, म्हणजे अशा प्रवाळांच्या टाकीसाठी, पुढे आणली, म्हणून हौशी मंडळी तिला 'काल्कवासर' या जर्मन नावानेच ओळखतात.

निवळी करणं सोपं आहे. आरओच्या पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, झाकण घट्ट लावायचं आणि काही तास स्थिर ठेवायचं. त्यातलं २० अंश तापमानाला साधारण १.७ ग्रॅमच विरघळतं. बहुतेक क्षारांच्या उलट, पाणी तापलं की चुना कमी विरघळतो. मे महिन्यातली निवळी जानेवारीतल्या निवळीपेक्षा किंचित फिकी असते. वरचं स्वच्छ पाणी घ्यावं, तळाचा गाळ हलवू नये, कारण चुन्यातल्या अशुद्ध धातूंचा बराच भाग त्या गाळात अडकून राहतो. वर येणारी पातळ साय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. ती तशीच राहू द्यावी.

निवळीचा सामू (पीएच) १२.४ च्या आसपास असतो, समुद्राच्या पाण्याचा ८.१. म्हणून ती थेंबाथेंबानेच द्यायची, आणि शक्यतो रात्री. दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो. नेमक्या त्या वेळी निवळी तो वर उचलते. एकदम लोटाभर ओतली तर सामू उसळतो आणि टाकीभर पांढरा भुगा पडतो. मग जी क्षारता वाढवायला आपण गेलो तीच खाली बसते. तसं झालं तर निवळी बंद करावी आणि हवा जोरात खेळती ठेवावी. चुन्याची भुकटी डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते, तेव्हा चष्मा लावूनच काम करावं आणि डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

नाशिकमध्ये चुना सहज मिळतो, कारण द्राक्षबागांना बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी तो लागतोच. पण शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना कालवलेली ती बादली, ते मोजमाप, तो चमचा टाकीच्या जवळही आणू नये. मोरचुदातलं तांबं अगदी थोडं असलं तरी प्रवाळ आणि कोळंबी यांचा जीव घेतं. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरचा तुकडा घरी आणणं हा गुन्हा आहे. टाकीत येणारा प्रत्येक प्रवाळ कागदपत्रांसहच आलेला असला पाहिजे.

आता मुख्य अडचण. निवळी आपण बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी देतो, त्यामुळे जेवढं पाणी उडेल तेवढीच ती देता येते. लिटरभर निवळीत सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट क्षारता असते (लिटरमागे एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे २.८ डीकेएच). समजा टाकी २०० लिटरची आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रोज तीन लिटर पाणी उडालं, तर निवळी रोज दीड डीकेएचहून जास्त भरून काढते. जुलैत पाऊस लागला, हवा दमट झाली आणि बाष्पीभवन एका लिटरवर आलं, की हाच आकडा अर्ध्या डीकेएचच्या थोडा वर राहतो. प्रवाळांना पावसाळा कळत नाही. टाकीतलं तापमान आणि दिवे तेच, म्हणून त्यांची भूकही तीच.

मे महिन्यात बसवलेल्या डोसवर विसंबलेली टाकी पावसाळ्यात खाली घसरते ती यामुळे. जास्त चुना घालून उपयोग नाही, विरघळतो तेवढाच विरघळतो. पाण्यावर छोटा पंखा लावून बाष्पीभवन वाढवता येतं, पण दमट हवेत त्याला मर्यादा आहे. उरलेली तूट खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने भरावी, आणि त्या हिशेबाने कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी घालावं. क्षारतेची चाचणी रोज एकाच वेळी करावी, कारण तुलना त्यावरच उभी असते. ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की बाष्पीभवन पुन्हा वाढतं. तेव्हा आधी सोडा कमी करायचा, नाहीतर निवळी आणि सोडा मिळून क्षारता बारा डीकेएचच्या पुढे नेतात.