पाय आधी, कंबर मागून: इजिप्शियन लोकनृत्याच्या वर्गात येण्यापूर्वी

नाव नोंदवताना बहुतेक जणी विचारतात, "कंबर कधीपासून शिकवणार?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. पहिले तीन आठवडे आपण फक्त चालणार आहोत. ठेक्यावर, तळपाय पूर्ण टेकवून, गुडघे किंचित सैल ठेवून. हे ऐकून काही जणींचा विरस होतो, आणि ते आम्ही समजू शकतो. पण इजिप्तच्या लोकनृत्यात कंबरेची हालचाल जमिनीतून येते. पाऊल पडतं, गुडघा वाकतो किंवा सरळ होतो, आणि त्याचा परिणाम खुब्यात दिसतो. पाय कच्चे असतील तर कंबर ओढूनताणून हलवावी लागते, आणि मग दुखते ती पाठ. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं व्हिडिओ बघून नुसती कंबर गिरवली. ती सवय मोडायला पुढे त्याहून जास्त काळ लागला. तुमचा तो वेळ वाचावा, ही मनापासूनची इच्छा आहे.

आधी नावाबद्दल. 'बेली डान्स' हे इजिप्तचं नाव नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच नावाचं ते इंग्रजी भाषांतर. इजिप्तमध्ये रंगमंचावरच्या एकल नृत्याला रक्स शर्की म्हणतात, आणि घरात, लग्नात, गल्लीत जे नाचतात ते रक्स बलदी. बलद म्हणजे आपला मुलूख, आपलं गाव. बलदीला मराठीत 'गावरान' इतका चपखल शब्द दुसरा सापडणार नाही. आमच्या वर्गात भर आहे तो या दोन्हींच्या शेजारच्या प्रादेशिक लोकनृत्यांवर.

आता घरीच करून बघण्यासारखी एक गोष्ट. डाव्या पायावर वजन घेऊन उभ्या राहा. उजवा पाय थोडा पुढे, चवड्यावर, टाच उचललेली, गुडघा वाकलेला. आता टाच तशीच ठेवून उजवा गुडघा सरळ करा. उजवा खुबा आपोआप वर गेला ना? गुडघा सैल सोडा, खुबा खाली येईल. वर्गात आपण ज्याला 'उचल' आणि 'सोड' म्हणू, ते एवढंच. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गुडघे आलटून पालटून जलद वाकवले की शिमी, म्हणजे कंबरेची थरथर, तयार होते. बोलताना आपण 'कंबर हलवणं' म्हणतो खरं, पण हलतो खुबा. त्याच्या वरचं धड शांत असतं. आरशासमोर डोक्यावर जाडसर पुस्तक ठेवून पाहिलंत तर लगेच कळेल.

सगळ्यात जास्त वेळ आपण सईदीला देतो. सईद म्हणजे वरचा इजिप्त. नकाशात तो खाली, दक्षिणेला दिसतो, पण नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून नदीच्या हिशेबाने तो 'वरचा'. सोहाग, किना, लक्सर, अस्वान हा तो पट्टा. इथल्या पुरुषांचा लाठीचा खेळ म्हणजे तहतीब. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्याकडे मर्दानी खेळात लाठीकाठी फिरवलेल्यांना त्यातला पवित्रा ओळखीचा वाटेल: वजन मागच्या पायावर, नजर समोरच्यावर, काठी सतत फिरती. बायकांनी हीच काठी हातात घेतली ती लढण्यासाठी नव्हे, खेळकरपणे, थोडी पुरुषांची नक्कल करत. त्या नाचाला रक्स अल-असाया म्हणतात. सोबतीला मिझमार असतो. आपल्या सनईच्या कुळातलंच हे वाद्य, पण आवाज अधिक कर्कश आणि भेदक. त्याच मिझमारवर सईदमध्ये घोडेही नाचवतात. सईदी पावलातला गुडघा उचलण्याचा ऐटदार ढंग पाहिला की ते घोडे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

ठेका समजून घ्या, कारण इथे पाय ठेक्याला बांधलेला आहे. 'डुम' म्हणजे तालवाद्यावरचा घुमणारा, जड ठोका; 'टक' म्हणजे कडक, हलका. आठ मात्रा मोजा. मकसूम हा इजिप्तचा सर्वत्र ऐकू येणारा ठेका असा चालतो: डुम टक (रिकामी) टक, डुम (रिकामी) टक (रिकामी). सईदीत फक्त चौथी मात्रा बदलते: डुम टक (रिकामी) डुम, डुम (रिकामी) टक (रिकामी). एका 'टक'च्या जागी 'डुम' आला, आणि मधोमध दोन डुम लागून आले. त्या जोडडुमाने सगळा नाच जमिनीकडे खेचला जातो. ढोलकीवर कान तयार झालेल्या मुली हा फरक पहिल्याच दिवशी पकडतात.

आता सईदीची मूळ जोडणी, म्हणजे पाऊल आणि खुबा यांची एकत्र रचना. पहिल्या मात्रेला उजवं पाऊल पुढे, पूर्ण तळवा. तिसऱ्या, रिकाम्या मात्रेला डावा गुडघा समोर उचला. तिथून उजव्या पायावर लहानशी उसळी घ्या आणि चौथ्या मात्रेच्या डुमवर खाली या. ही लंगडीतलीच उसळी समजा, पण निम्म्याहून कमी उंचीची. पाचव्या मात्रेच्या डुमवर डावं पाऊल टेकवून वजन त्यावर द्या. उजवा पाय चवड्यावर आलाच आहे, तेव्हा सातव्या मात्रेच्या टकवर उजव्या खुब्याची उचल, आणि आठवीला सोड. बाजू बदलायची असेल तर आठवीला सोडता सोडता उजव्या पायावर वजन घ्या, म्हणजे पुढचं आवर्तन डाव्या पायाने सुरू होईल.

नेहमीच्या चुका दोनच. उसळी उंच जाते, मग उतरायला उशीर होतो आणि दुसरा डुम हुकतो. आणि वजन अर्धवट राहतं. डाव्या पायावर वजन पूर्ण गेलंच नाही तर उजवा खुबा मोकळा होत नाही, आणि मग त्याला पोटाच्या जोराने वर ढकललं जातं. छाती मात्र वर ठेवा, धड किंचित मागे. सईदी नाचात मान आणि छाती यांचा रुबाब पायांइतकाच महत्त्वाचा. ज्यांनी शाळेत लेझीम केलंय त्यांना हा तोल लवकर सापडतो, असं आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलोय.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आम्ही जे शिकवतो त्यातला बराच भाग गावातून थेट आलेला नाही; तो रंगमंचावरून आलाय. महमूद रेडा (१९३० ते २०२०) हे मूळचे जिम्नॅस्ट, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये इजिप्तकडून उतरलेले. भाऊ अली रेडा आणि नर्तकी फरीदा फहमी यांच्यासोबत त्यांनी १९५९ मध्ये रेडा नृत्यमंडळी उभी केली, गावोगावी फिरून हालचाली पाहिल्या आणि प्रेक्षागृहासाठी त्या नव्याने रचल्या. अलेक्झांड्रियाचा मलाया लफ, म्हणजे काळी चादर अंगाभोवती लपेटून, टाचेच्या चपला टकटक वाजवत केलेला ठसकेबाज नाच, हाही अशीच रंगमंचीय रचना. तो शेवटच्या महिन्यात येईल.

गवाझींच्या शैलीबद्दल मात्र मला अधिक जिव्हाळा आहे. गवाझी म्हणजे पिढीजात सार्वजनिक नर्तकी. १८३४ मध्ये इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याने त्यांना कैरोतून हद्दपार केलं, आणि त्यांतल्या अनेक जणी इस्ना, किना, अस्वानकडे गेल्या. विसाव्या शतकात लक्सरच्या 'बनात माझिन', म्हणजे माझिन घराण्यातल्या बहिणींनी, ही परंपरा जिवंत ठेवली. त्यांतल्या खैरिय्या माझिन यांच्याकडे शिकायला परदेशांतून नर्तकी जात. त्यांच्या नाचात गिरक्या कमी आणि दिखाऊ हातवारे जवळजवळ नाहीत. बोटांत सागात, म्हणजे छोट्या झांजा, आणि खुब्याचा आडवा, न थांबणारा झटका. आमची जोडणी अशी: एका पावलाचे चार भाग करा. उजवं पाऊल टाकता टाकता खुबा उजवा, डावा, उजवा, मग विसावा. पुढच्या पावलाला डावा, उजवा, डावा, विसावा. तळवे जमिनीलगत ठेवा. विसावा गाळला की सगळं घाईचं दिसतं, म्हणून त्यासाठी आम्ही वेगळा सराव ठेवलाय.

फल्लाही हे नाईलच्या मुखाजवळच्या शेतकऱ्यांचं नृत्य. ठेका मकसूमचाच, पण दुप्पट वेगात. पावलं बारीक, खुब्याची सोड झटपट, डोक्यावर किंवा खांद्यावर पाण्याचा घडा. शिकायला सोपं, दमछाक करणारं.

आता येण्याची तयारी. सैल कुर्ता आणि लेगिंग चालेल. कुर्त्यावरून खुब्यांभोवती ओढणी घट्ट बांधा, म्हणजे उचल-सोड आरशात दिसते. मोजे नकोत, घसरतात. अनवाणी या किंवा मऊ सपाट बूट घाला. गुडघ्याचं किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल, किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारून या आणि आम्हालाही सांगा. उसळीशिवाय करता येणाऱ्या जोडण्या आहेत. वजन कमी होण्याची हमी आम्ही देत नाही. एका तुकडीत बाराच जणी घेतो, कारण काठी फिरवायला तेवढी मोकळी जागा लागते.

काठी विकत घेऊ नका. वर्गात वेताच्या हलक्या काठ्या आहेत, वेगवेगळ्या उंचीच्या. पहिल्या दिवशी तुमच्या खुब्याइतक्या उंचीची निवडून देऊ, आणि चौथ्या आठवड्यात ती हातात येईल.