ड्रॅक्युला (कादंबरी)

आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर (१८४७–१९१२) याची इंग्रजी भयकादंबरी. लंडनच्या आर्चिबाल्ड कॉन्स्टेबल या प्रकाशनसंस्थेने ती २६ मे १८९७ रोजी पिवळ्या कापडी बांधणीत, लाल अक्षरांच्या मुखपृष्ठासह प्रसिद्ध केली. किंमत होती सहा शिलिंग. ट्रान्सिल्व्हेनियातला (आजच्या रुमानियातला) काउंट ड्रॅक्युला हा सरदार, जो मरूनही मेलेला नाही आणि जिवंत माणसांच्या रक्तावर जगतो, लंडनमध्ये घर विकत घेऊन तिथे राहायला येतो, आणि पाच पुरुष व एक स्त्री मिळून त्याला हुसकावून, त्याच्याच मुलखात गाठून संपवतात, एवढीच तिची गोष्ट. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात ती गॉथिक परंपरेचा नमुना म्हणून नेमली जाते. बहुतेक विद्यार्थी मात्र आधी चित्रपटांतला काउंट पाहूनच तिच्याकडे वळतात आणि पहिल्या काही पानांतच बुचकळ्यात पडतात, कारण या पुस्तकाला निवेदकच नाही. रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणे, जहाजाची नोंदवही आणि फोनोग्राफवर (आवाज नोंदवणाऱ्या जुन्या यंत्रावर) बोलून ठेवलेल्या टिपणांच्या नकला अशा कागदपत्रांची ही सत्तावीस प्रकरणांची फाइल आहे. ती फाइल कोणी, का आणि कशी तयार केली हे लक्षात ठेवून वाचले, तरच कादंबरीची खरी भीती हाती लागते.

गॉथिक परंपरा आणि स्टोकरची पूर्वपीठिका

इंग्रजी गॉथिक कादंबरीची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून धरतात. पडके किल्ले, भुयारे, जुन्या घराण्यांची पापे आणि कोंडलेल्या नायिका हे तिचे ठरलेले सामान. रक्तपिपासू प्रेत, म्हणजे व्हॅम्पायरही, स्टोकरच्या आधी इंग्रजीत आले होते. जॉन पॉलिडोरीने १८१९ मध्ये त्याला उमराव बनवले, तर स्टोकरचाच देशबंधू शेरिडन ले फानू याने १८७२ च्या ‘कार्मिला’त त्याला तरुणीचे रूप दिले. स्टोकरने या सामानातले काही टाकले नाही. फक्त त्याला रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी आणून ठेवले.

स्टोकरचा जन्म डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फचा. सातव्या वर्षापर्यंत तो अंथरुणालाच खिळलेला होता. आई शार्लट त्याला स्लायगो गावातली १८३२ ची पटकीची साथ सांगत असे. ती तिने स्वतः पाहिली होती. पुढे तो डब्लिन कॅसलमध्ये सरकारी नोकरीत लागला. त्याचे १८७९ साली छापलेले पुस्तक आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांनी दफ्तर कसे ठेवावे याविषयीचे आहे. चरित्रकार त्याचा उल्लेख बहुधा गमतीने करतात. पण ‘ड्रॅक्युला’ समजून घ्यायला मला ते आईच्या गोष्टींइतकेच महत्त्वाचे वाटते. भयकथा लिहिणाऱ्या या माणसाला दफ्तर कसे लावायचे हे नीट ठाऊक होते. १८७८ पासून पुढची सत्तावीस वर्षे तो नटश्रेष्ठ हेन्री आयर्विंगच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता, म्हणजे पुन्हा हिशेब, पत्रव्यवहार आणि दौऱ्यांची वेळापत्रके.

रचना काळ

कादंबरीची टिपणे १८९० पासून मिळतात. आज ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. सुरुवातीच्या टिपणांत खलनायकाचे नाव ‘काउंट वॅम्पिर’ आणि मुलूख ऑस्ट्रियातला स्टायरिया आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात स्टोकर यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी गावी सुट्टीवर गेला. तिथल्या वाचनालयात त्याच्या हाती विल्यम विल्किन्सनचे वॉलेकिया आणि मोल्डेव्हिया या रुमानियन प्रांतांविषयीचे १८२० सालचे पुस्तक पडले. त्यातून ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याने उचलले. पंधराव्या शतकातला वॉलेकियाचा क्रूर राजा व्लाड तिसरा याचे चरित्र स्टोकरने अभ्यासून काउंट रचला, असे सर्रास सांगितले जाते. टिपणांत त्याला आधार नाही; त्यात व्लाड हे नावही येत नाही. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेला नव्हता. तिथल्या समजुती त्याने एमिली जेरार्डच्या १८८५ च्या लेखातून घेतल्या. रुमानियातला ब्रान किल्ला आज ‘ड्रॅक्युलाचा किल्ला’ म्हणून तिकिटे खपवतो, तो पर्यटनाचा उद्योग.

व्हिटबीने मात्र खरा मालमसाला पुरवला. ‘दिमित्री’ नावाचे रशियन जहाज २४ ऑक्टोबर १८८५ रोजी वादळात तिथे किनाऱ्याला लागले होते, आणि ते नार्वा बंदरातून आले होते. कादंबरीत जहाजाचे नाव ‘डिमिटर’ झाले आणि बंदर व्हार्ना. टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या आजही आहेत. काउंटची पहिली इंग्रज शिकार तिथेच घडते.

छापायला गेलेल्या टंकलिखितावर कादंबरीचे नाव ‘द अन-डेड’ असे होते, ते ऐनवेळी बदलले. प्रकाशनाच्या आठ दिवस आधी, नाट्यरूपांतराचे हक्क शाबूत राहावेत म्हणून, लायसियममध्ये तिचे रंगमंचीय वाचनही झाले.

कथानक

जोनाथन हार्कर हा तरुण सॉलिसिटर घरखरेदीची कागदपत्रे घेऊन काउंटच्या किल्ल्यावर जातो. त्याच्या रोजनिशीची पहिलीच नोंद गाडीच्या वेळांची आहे: म्युनिक सोडले रात्री ८:३५ ला, व्हिएन्नाला ६:४६ ला पोहोचायला हवे होते, पण गाडी तासभर उशिरा. पुढे तो पापरिका घातलेली कोंबडी खातो, तहान लागते म्हणून कुरकुरतो आणि वाग्दत्त वधू मीनासाठी पाककृती मागून घ्यायची आठवण लिहून ठेवतो. पुढच्या दोन प्रकरणांतच हा माणूस भिंतीवरून सरड्यासारखा तोंड खाली करून उतरणारा यजमान पाहतो, दाढी करताना आरशात शेजारचा माणूस दिसत नाही हे अनुभवतो, आणि आपण कैदी आहोत हे त्याला उमगते.

इकडे इंग्लंडमध्ये मीनाची मैत्रीण ल्युसी वेस्टेनरा हिला एकाच दिवशी तीन मागण्या येतात: वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर सीवर्ड, अमेरिकन क्विन्सी मॉरिस आणि आर्थर होमवुड यांच्या. ती आर्थरला होकार देते. डिमिटर किनाऱ्याला लागते तेव्हा मेलेल्या कप्तानाचे हात सुकाणूला बांधलेले असतात, आणि जहाजावरून एक मोठा कुत्रा उडी मारून अंधारात पसार होतो. ल्युसी दिवसेंदिवस पांढरीफटक पडते. ॲम्स्टरडॅमचा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग तिला चार पुरुषांचे रक्त एकामागून एक चढवतो. (रक्तगटांचा शोध लागायला अजून काही वर्षे होती, आजचा वैद्यकीय विद्यार्थी हे वाचून व्हॅम्पायरपेक्षा डॉक्टरलाच जास्त घाबरेल.) ल्युसी मरते, स्वतः रक्तपिपासू होते, आणि आर्थरच्या हातून तिच्या छातीत खुंटा ठोकला जातो. मग काउंटचा मोर्चा मीनाकडे वळतो. उरलेले पुस्तक म्हणजे त्याने आणलेल्या मातीच्या पन्नास पेट्या शोधून निकामी करणे आणि शेवटी त्याचा ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत पाठलाग. ६ नोव्हेंबरला सूर्य मावळता मावळता हार्कर कुकरीने त्याचा गळा चिरतो, मॉरिस आपला सुरा छातीत खुपसतो, आणि काउंटची धूळ होते. खुंट्याने मरतो तो चित्रपटांतला. सूर्यप्रकाशाने मरणेही चित्रपटांचेच. कादंबरीत तो दिवसाउजेडी पिकॅडिलीत हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा क्षीण असतात.

कागदांची लढाई

पहिली चार प्रकरणे सोडली तर काउंट फारच थोड्या वेळा समोर येतो, आणि हार्करने उतरून घेतलेल्या एकदोन चिठ्ठ्या सोडल्या तर त्याने स्वतः लिहिलेले फाइलमध्ये काही नाही. जे कळते ते इतरांच्या कागदांतून. म्हणून कादंबरीतला झगडा खरे तर माहितीचा आहे. कोणाला काय कळले आणि कधी? हार्कर किल्ल्यातून मीनाला लघुलिपीत पत्र लिहितो. ते काउंटच्या हाती लागते, पण त्याला ती लिपी वाचता येत नाही, आणि तो चिडून ते दिव्यावर जाळतो. कित्येक शतके जगलेल्या, अनेक भाषा येणाऱ्या या उमरावाला कचेरीतल्या कारकुनाची लिपी अडवते, हा स्टोकरचा बारीक विनोद आहे.

उलट बाजूही तो दाखवतो. एका रात्री ल्युसीवर पहारा ठेव, अशी तार व्हॅन हेल्सिंग सीवर्डला करतो. पत्त्यात परगण्याचे नाव राहून गेल्याने ती भलत्याच परगण्यातल्या कारफॅक्सला जाते आणि बावीस तास उशिरा पोहोचते. त्याच रात्री खिडकी फोडून लांडगा आत येतो, ल्युसीची आई दगावते आणि ल्युसीचा घात होतो. एवढ्या मोठ्या संकटाचे मूळ अपुऱ्या पत्त्यात! सीवर्डही अत्याधुनिक फोनोग्राफवर रोजनिशी बोलून ठेवतो. पण मेणाच्या नळकांड्यांतला हवा तो भाग कसा शोधायचा हे आपल्याला माहीतच नाही, असे त्याला महिनोन्‌महिने नोंदी केल्यावर कळते.

हा गोंधळ निस्तरते ती मीना. शाळेत शिकवणारी, लघुलेखन आणि टंकलेखन मेहनतीने शिकलेली मीना सतराव्या प्रकरणात सगळ्यांचे कागद मागून घेते, टाइप करते, कार्बन ठेवून प्रती काढते आणि तारखेनुसार लावते. तोवर प्रत्येकाजवळ गोष्टीचा एकेक तुकडा होता. आता पहिल्यांदा शत्रू दिसतो. काउंटलाही या फाइलची किंमत कळते. तो सीवर्डच्या घरात घुसतो तेव्हा हस्तलिखिते आणि मेणाची नळकांडी आगीत टाकतो. तिजोरीत दुसरी प्रत असते, म्हणून निभावते. आणि इतके करून त्याच मीनाला, स्त्रीच्या जिवाला हे झेपणार नाही असे ठरवून, पुरुषमंडळी पुढच्या बैठकांतून वगळतात. ती एकटी पडते आणि काउंट तिला गाठतो. स्टोकरने हे जाणूनबुजून केले की त्या काळच्या सवयीने, यावर वर्गात वाद घालायला जागा आहे. मजकूर मात्र त्या निर्णयाची शिक्षा स्पष्ट दाखवतो.

शेवटच्या टिपणात हार्कर कबूल करतो की एवढ्या ढिगाऱ्यात अस्सल म्हणावा असा दस्तऐवज जवळजवळ नाहीच, सगळा टाइप केलेला मजकूर. यावर कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाही नाही. पुरावा मागणाऱ्या वाचकाच्या पायाखालची सतरंजीच तो ओढतो.

परका आणि साम्राज्य

किल्ल्यातल्या ग्रंथालयात लंडनची निर्देशिका, पंचांगे, कायद्याची पुस्तके असतात. काउंट एकदा चक्क ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक वाचत पडलेला सापडतो. त्याचे इंग्रजी उत्तम आहे, तरी तो हार्करला उच्चार सुधारायला थांबवून घेतो. आपल्या मुलखात मी सरदार आहे, लंडनमध्ये मात्र तोंड उघडताच लोक परका म्हणून हसतील, हे त्याला सोसत नाही. इंग्रजी बोलताना कोणी हसेल का, ही धास्ती ज्यांनी अनुभवली आहे त्या वाचकांना इथे क्षणभर काउंटची बाजू पटते, आणि ते अस्वस्थ करणारे आहे. समीक्षक स्टीफन अराटा याने १९९० मध्ये या कादंबरीचे वाचन उलट्या वसाहतवादाची भीती म्हणून केले: आपण जगावर जे केले तेच कोणी लंडनवर येऊन करील, हा साम्राज्याच्या मनातला धसका. काउंट लढून येत नाही. रीतसर सॉलिसिटर नेमून, दस्त करून जमीन विकत घेतो. त्याच्या गळ्यावर शेवटी फिरते ती कुकरीही साम्राज्याच्याच शस्त्रागारातली.

परक्यांचा हाच तिटकारा पुस्तकाचा डागही आहे. जिप्सी चाकरांचे चित्रण आणि गलाट्स बंदरातल्या एका ज्यू व्यापाऱ्याचे वर्णन सरळसरळ द्वेषाचे आहे; शिकवताना त्यावरून घाईने पुढे जाऊ नये. बाकी उणिवा साध्या आहेत: व्हॅन हेल्सिंगच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतली लांबलचक भाषणे कंटाळा आणतात, पेट्यांच्या शोधात मधली प्रकरणे रेंगाळतात. पहिली चार प्रकरणे आणि डिमिटरच्या कप्तानाची नोंदवही यांच्या तोडीचे पुढे थोडेच आहे.

पुढील जीवन

स्टोकरला या पुस्तकाने श्रीमंत केले नाही. अखेरच्या काळात त्याला लेखकांच्या साहाय्यनिधीकडे अर्ज करावा लागला. १९२२ मध्ये दिग्दर्शक मुर्नाऊने परवानगीविना ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट काढला. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली, प्रती नष्ट करण्याचा हुकूमही मिळाला, पण काही प्रती वाचल्या. सूर्यकिरणांनी व्हॅम्पायर विरून जाणे तिथूनच रूढ झाले. उंच कॉलरचा झगा हॅमिल्टन डीनच्या १९२४ च्या नाटकातला; नट चोरदारातून नाहीसा होताना त्याचे डोके झाकावे म्हणून ती कॉलर. १९२७ मध्ये ब्रॉडवेवर आणि १९३१ मध्ये टॉड ब्राउनिंगच्या चित्रपटात बेला लुगोसीने ही भूमिका केली, आणि स्टोकरचा पांढऱ्या मिशांचा, तळहातांवर केस असलेला म्हातारा काउंट मागे पडला.

मराठी वाचक व्हॅम्पायरला झटकन वेताळाशेजारी बसवतात. त्याला एक जुना धागा आहे: इंग्रज प्रवासी आणि अनुवादक रिचर्ड बर्टनने वेताळपंचविशीतल्या अकरा कथा १८७० मध्ये इंग्रजीत रूपांतरित केल्या त्या ‘विक्रम आणि व्हॅम्पायर’ अशा नावाने. बर्टनला स्टोकर आयर्विंगच्या संगतीत भेटला होता, आणि बोलताना वरचा ओठ उचलला की बर्टनचा सुळा खंजिरासारखा चमकायचा, असे स्टोकरने आठवणींत लिहून ठेवले आहे. वेताळ मात्र रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरून कोडी घालतो, आणि कोकण-गोव्यात तर गावाचा राखणदार म्हणून पुजला जातो. काउंटशी जवळचे नाते सांगणारा मराठी मजकूर नारायण धारप यांच्या ‘लुचाई’त सापडतो. ती स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे, आणि किंगने ते पुस्तक लिहिले तेच मुळी ड्रॅक्युला अमेरिकेतल्या एका लहान गावात आला तर काय होईल, या कल्पनेवरून.