गोळी कधी बंद होणार? गुठळीवरच्या दीर्घ उपचारांची पार्श्वभूमी

पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली आणि त्यातून माणूस वाचला, की त्याला रक्त गोठू न देणारी गोळी सुरू होते. घरी जाताना तो हमखास विचारतो, "डॉक्टर, ही गोळी कधी बंद होणार?" याचं नीट उत्तर मिळायला वैद्यकाला काही दशकं लागली.

सुरुवात गोठ्यातून झाली. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. फेब्रुवारी १९३३मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. सोबत मेलेली कालवड, चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. त्या चाऱ्यातल्या घातक द्रव्याचा छडा लागला आणि त्याच कुळातलं, रक्त गोठू न देणारं वॉर्फरिन १९४८मध्ये बाजारात आलं, तेही उंदीर मारायला! माणसांसाठी परवानगी मिळाली १९५४मध्ये.

गुठळीवर ही औषधं खरंच जीव वाचवतात, हे ब्रिस्टलमधल्या एका छोट्या चाचणीने १९६०मध्ये दाखवलं. औषध न मिळालेल्या १९ रुग्णांपैकी ५ जण फुफ्फुसातल्या गुठळीने दगावले. हेपारिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) आणि गोळ्या मिळालेल्या १६ जणांत त्या कारणाने एकही मृत्यू झाला नाही.

पण किती दिवस? १९९५च्या स्वीडनमधल्या अभ्यासात सहा आठवड्यांऐवजी सहा महिने औषध घेणाऱ्यांत दोन वर्षांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं निघालं. मग वर्षभर दिलं तर? मला सगळ्यात बोलका वाटतो तो २००१चा इटलीतला अभ्यास. ठोस कारणाशिवाय गुठळी झालेल्यांपैकी काहींची गोळी तीन महिन्यांनी थांबवली, काहींना वर्षभर दिली. गोळी चालू होती तोवर फायदा दिसला. पुढच्या काळात मात्र हिशेब सारखा झाला: दोन्ही गटांत २१-२१ जणांना पुन्हा गुठळी. म्हणजे गोळी धोका दाबून ठेवते, मुळापासून काढत नाही.

तिथून प्रश्नच बदलला. शस्त्रक्रियेसारख्या तात्पुरत्या कारणाने गुठळी झाली असेल, तर साधारण तीन महिने पुरतात. कारणच सापडत नसेल, तर औषध थांबवल्यावर दहा वर्षांत सुमारे एक तृतीयांश लोकांना ती पुन्हा होते. अशांना गोळी बेमुदत चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

अडचण रक्तस्रावाची. वॉर्फरिन घेताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा) २ ते ३च्या दरम्यान ठेवायचा, त्यासाठी पुन्हापुन्हा रक्त तपासायचं, पालेभाज्यांचं प्रमाण सांभाळायचं. वर्षानुवर्षं हे करणं सोपं नव्हे. नव्या गोळ्यांनी हे ओझं खूप हलकं केलं. सुरुवातीचे सहा ते बारा महिने उपचार झालेल्यांवर २०१३मध्ये यातल्याच अपिक्साबान या गोळीची चाचणी झाली. वर्षभरात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण नकली गोळीच्या गटात ८.८ टक्के होतं. रोज दोनदा अडीच मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ते १.७ टक्के निघालं आणि गंभीर रक्तस्राव वाढला नाही. मात्र अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याचा आजार) जास्त धोक्याच्या रुग्णांना आजही वॉर्फरिनच दिलं जातं. बेमुदत गोळी घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून रक्तस्रावाचा धोका, मूत्रपिंडाचं काम आणि चालू असलेली इतर औषधं तपासून घ्यावीत. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.